शंभर मिलिमीटर, पण किती वेळात?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो अजून कुणी विसरलेलं नाही. सीनेकाठची गावं पाण्यात होती, परांडा-भूमकडे लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. आमच्या भागात तेवढं काही झालं नाही. पण ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या. रांगेत जो तो मोबाइल काढून आपल्या महसूल मंडळाचा आकडा सांगत होता: आमच्याकडे ९५, आमच्याकडे १२०. शेवटी कुणीतरी तो नेहमीचा प्रश्न टाकला, "एवढा पैसा ओतून रस्ता केला, अन् खालून पाणी जाईल एवढी मोरी करता आली नाही का?"

प्रश्न रास्त आहे. मी स्थापत्य अभियंता असल्यामुळे अशा वेळी सगळे माझ्याकडे बघतात. रांगेत उभं राहून पाच मिनिटांत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मोबाइलवरच्या त्या आकड्यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे वेळ. आणि मोरीचा आकार ठरतो तो वेळेवरूनच.

लग्नाची पंगत

लग्नाला सहाशे माणसं जेवणार आहेत. मांडवात एका वेळी शंभर पानं बसतात आणि एक पंगत अर्ध्या तासात उठते. लोक अकरापासून दोनपर्यंत सावकाश आले तर सहा पंगतींत सगळं उरकतं, कुणाला ताटकळावं लागत नाही. पण अक्षता पडल्या की सहाशेच्या सहाशे एकदम मांडवाकडे धावतात. शंभर बसतात, पाचशे ताटकळतात आणि गर्दी थेट रस्त्यापर्यंत येते. माणसं तेवढीच, मांडवही तोच. बदलली ती फक्त येण्याची वेळ.

मोरीचंही असंच आहे. दिवसभर रिपरिप लागलेल्या झडीचे १०० मिमी आणि दुपारी दीड तासात कोसळलेले १०० मिमी तक्त्यात सारखेच दिसतात. झडीत ओढा पोटरीइतका वाहतो, दुसऱ्यात तो पूल ओलांडतो.

दर तासाला किती मिलिमीटर पडतो याला पावसाची 'तीव्रता' म्हणतात. या लेखात हा शब्द पुन्हा पुन्हा येईल, एवढा लक्षात ठेवा.

आकडा येतो कुठून?

साधं पर्जन्यमापक म्हणजे नरसाळं आणि त्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. आपल्याकडे अनेक दशकांच्या नोंदी आहेत त्या बहुतेक अशाच. अतिवृष्टीचा निकषही याच पठडीतला: मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. नुकसानभरपाईसाठी ते ठीक. मोरीसाठी बाटली फारशी कामाची नाही. तिच्यात पाणी किती साठलं ते कळतं, केव्हा आणि किती जोरानं पडलं ते कळत नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. समजा सकाळी साडेसात ते साडेनऊ असा जबरदस्त पाऊस झाला. त्याचा अर्धा भाग कालच्या खात्यात जातो, अर्धा आजच्या. दोन्ही दिवशी आकडा बेताचाच दिसतो. म्हणून रोजच्या नोंदींतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून कोणत्याही सलग २४ तासांतला सर्वाधिक पाऊस काढायचा असेल, तर तो साधारण १३ टक्क्यांनी वाढवून घेण्याचा जगभर रिवाज आहे.

पावसाची वेळ टिपणारं यंत्र वेगळं. जुन्या स्वयंलेखी पर्जन्यमापकात घड्याळावर फिरणारा दंडगोल असतो, त्यावर आलेखाचा कागद आणि पाणी चढेल तशी वर सरकणारी लेखणी. रेघ उभी चढली तर जोराचा पाऊस, आडवी गेली तर उघडीप. अशी यंत्रं मोजक्याच ठिकाणी असायची. आता 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत आणि ती दर काही मिनिटांनी नोंद घेतात. आपली अडचण एवढीच की या नोंदी अजून कोवळ्या आहेत. आणि पन्नास वर्षांचा अंदाज बांधायला पाच-दहा वर्षांच्या नोंदी पुरत नाहीत.

शेवटचा थेंब मोरीपर्यंत कधी पोचतो?

मग कोणती तीव्रता धरायची? पाच मिनिटांची, एका तासाची, की दिवसाची? उत्तर प्रत्येक ओढ्याचं वेगळं असतं.

आठवडी बाजाराकडे माणसं येतात ते डोळ्यांसमोर आणा. जवळच्या वस्तीवरचे दहा मिनिटांत पोचतात, लांबच्या तांड्यावरचे अर्ध्या तासानं. सगळे एकाच वेळी घरातून निघाले आणि निघणाऱ्यांची रीघ चालूच राहिली, तर बाजाराच्या तोंडाशी खरी गर्दी होईल ती लांबच्या तांड्यावरचे येऊन मिळतील तेव्हा. पाण्याचंही तेच. पाणलोटाच्या सर्वांत लांबच्या टोकावरचं पाणी मोरीपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, त्याला मी इथे 'पोच-वेळ' म्हणतो. पाऊस त्यापेक्षा कमी वेळ पडला तर पाणलोटाचा एक तुकडाच एका वेळी मोरीवर येतो. जास्त वेळ पडला तर सगळं पाणलोट येतं, पण पाऊस जितका लांबतो तितकी त्याची सरासरी तीव्रता उतरते. म्हणून मोरीला सर्वांत धोकादायक पाऊस तो, जो पोच-वेळेइतकाच टिकतो.

पोच-वेळ ओढ्याची लांबी आणि त्याचा उतार यांवरून काढतात. दीड किलोमीटर लांब, वरपासून खालपर्यंत १२ मीटर उतरणारा ओढा घेतला, तर नेहमीच्या सूत्रानं साधारण ३५ मिनिटं येतात.

अशाच एका ओढ्यावर सर्वेक्षण करत होतो तेव्हाची गोष्ट. आम्ही गावात पुराची खूण विचारत फिरत होतो. पाणी कुठवर आलं होतं ते लोक सांगतात, कुणी बाभळीचा बुंधा दाखवतो, कुणी देवळाची पायरी. एका आजीला मी विचारलं, पाणी किती वेळानं आलं? ती म्हणाली, "पहिली भाकर तव्यावर टाकली तवा पाऊस लागला. शेवटची उतरायच्या आत वढ्याला पाणी माईना, बघ." किती भाकरी होत्या, हेही विचारून घेतलं. वीस-बावीस. एका भाकरीला दीड-दोन मिनिटं धरली तर हिशेब आमच्या सूत्राच्या अगदी जवळ जातो. तेव्हापासून मी पाण्याच्या खुणेबरोबर वेळही विचारतो.

दुसऱ्या टोकाला खुद्द रस्त्याचा पृष्ठभाग. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे साधारण अडीच टक्के उतार असतो, त्यामुळे पोच-वेळ काही मिनिटांचीच. तिथे पाच-दहा मिनिटांची सर महत्त्वाची. वायपर पूर्ण वेगात असूनही समोरचं दिसत नाही, ती सर. तेवढ्या वेळात रस्त्यावर पाण्याचा थर साचला तर टायर डांबर सोडून पाण्यावर तरंगतं.

आणि मांजरा, तेरणा, दुधना यांसारख्या नद्यांवरच्या मोठ्या पुलांना अर्ध्या तासाच्या सरीचं काही वाटत नाही. त्यांचं पाणलोट प्रचंड असतं, तिथे एक-दोन दिवसांचा पाऊस आणि वरच्या धरणाचे दरवाजे मोजावे लागतात. ते गणित वेगळं आहे, इथे सोडून देतो.

दिवसाच्या आकड्यातून अर्धा तास कसा काढायचा?

आता खरी अडचण. ओढ्याला ३५ मिनिटांचा पाऊस हवा, आणि आपल्या वहीत २४ तासांचा आकडा. मधली दरी सूत्रांनी भरावी लागते.

भारतीय हवामान विभागाच्या नावानं ओळखलं जाणारं एक सूत्र फार सोपं आहे: वेळ आठपट कमी केली की पाऊस निम्मा होतो. म्हणजे २४ तासांत १०० मिमी असेल तर त्यातल्या सर्वांत जोराच्या तीन तासांत ५० मिमी, आणि त्यातल्या सर्वांत जोराच्या साडेबावीस मिनिटांत २५ मिमी. यात घनमूळ आहे, पण ते विसरलात तरी चालेल.

दुसरं सूत्र रस्ते-पुलांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या लहान पूल आणि मोऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतलं. ते थोडं वेगळ्या पद्धतीनं पाऊस वाटतं. २४ तासांच्या १०० मिमीमधून पहिलं सूत्र सर्वांत जोराच्या एका तासाला सुमारे ३५ मिमी देतं, दुसरं ५२. पंधरा मिनिटांना मात्र दोन्ही जवळजवळ सारखीच, २१-२२ मिमी. एकच दिवस, एकच आकडा, तरी एका तासाच्या पावसात दीडपट फरक. वर्गात शिकवताना हे कुणी ठळकपणे सांगत नाही, पण सांगायला हवं.

आता याचा अर्थ मराठवाड्याच्या मापात पाहू. आपलं माप म्हणजे टँकर. आपल्या ओढ्याचं पाणलोट ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकर. जमीन काळी, पडलेल्या पावसातला निम्मा वाहून येतो असं धरू. मोरीवर येणारं पाणी म्हणजे क्षेत्र गुणिले तीव्रता गुणिले वाहून येणारा हिस्सा. थॉमस मुल्वानी या आयरिश अभियंत्यानं १८५० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत लहान पाणलोटांसाठी आजही वापरतात.

कुणी भोळेपणानं १०० मिमीला २४ नं भागलं तर तासाला चार मिमी येतात. मोरीवर सेकंदाला ०.३५ घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर दर अर्ध्या मिनिटाला. हवामान विभागाच्या सूत्रानं ३५ मिनिटांची तीव्रता तासाला सुमारे ५० मिमी येते: सेकंदाला ४.२ घनमीटर, टँकर दर अडीच सेकंदांना. रोड्स काँग्रेसच्या सूत्रानं ६६ मिमी: सेकंदाला साडेपाच घनमीटर, टँकर दोन सेकंदांच्याही आत.

१२० सेंटिमीटर व्यासाचा एक सिमेंट पाइप, पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर साधारण सव्वादोन घनमीटर पाणी पुढे नेतो. भोळ्या हिशेबानं त्या एका पाइपचा सहावा-सातवा हिस्साच भरेल. पहिल्या सूत्रानं दोन पाइप लागतील, दुसऱ्यानं तीन. ओढा तोच आणि दिवसाचे १०० मिमीही तेच. (प्रत्यक्षात आराखडा १०० मिमीच्या दिवसावर करत नाहीत, त्याहून बराच मोठा दिवस धरतात. इथे हिशेब सोपा व्हावा म्हणून शंभर घेतले.)

'पन्नास वर्षांतून एकदा' म्हणजे एकदाच का?

तो मोठा दिवस कसा ठरवायचा? प्रत्येक वर्षातला सर्वांत मोठा पाऊस घ्यायचा आणि यादी उतरत्या क्रमानं लावायची. ३९ वर्षांच्या नोंदी असतील तर पहिल्या क्रमांकाचा पाऊस साधारण ४० वर्षांतून एकदा येणारा, दुसरा २० वर्षांतून, चौथा १० वर्षांतून. यादीच्या पलीकडचा, म्हणजे ५० किंवा १०० वर्षांचा अंदाज गुम्बेलच्या पद्धतीसारख्या गणितानं ताणून काढतात. हीच यादी १५ मिनिटं, ३० मिनिटं, एक तास, सहा तास अशी वेगवेगळी केली की एका जागेचा 'तीव्रता-कालावधी-वारंवारता' आलेख तयार होतो. अभियंत्याच्या हातात हवा असतो तो हाच. जिथे तो नाही, तिथे वरची सूत्रं.

आता गैरसमजाकडे येऊ. एका डब्यात पन्नास चिठ्ठ्या टाका, एकीवर 'पूर' लिहा. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत टाकायची. यंदा पूर निघाला म्हणून पुढच्या वर्षी तो निघायची शक्यता कमी होत नाही. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी निघायची शक्यता जवळपास ४० टक्के आहे, पन्नास वर्षांत ६४ टक्के. शिवाय एका मार्गावर डझनावारी मोऱ्या असतात आणि प्रत्येक ओढ्याचा डबा थोडाफार वेगळा. म्हणून दर पावसाळ्यात कुठली ना कुठली मोरी बातमीत येते, आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळ्याच फसल्या.

जोर आधी येतो की नंतर?

तीन तासांत ६० मिमी पडले. त्यातले ४० पहिल्या तासात, की शेवटच्या? अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या नोंदी तपासून हफ या शास्त्रज्ञानं १९६७ मध्ये पावसाचे चार गट केले: काहींचा जोर पहिल्या चौथाईत असतो, काहींचा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा शेवटच्या. इलिनॉयचे ते आलेख उचलून लातूरला चिकटवण्यात अर्थ नाही, पण प्रश्न इथेही तोच आहे. शेवटी येणारा जोर वाईट, कारण तोवर चर भरलेली असते, पाइपच्या तोंडाशी पाणी चढलेलं असतं आणि जमिनीनं पिणं थांबवलेलं असतं.

त्यात आपली काळी जमीन. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जूनचा पहिला वळीव त्या भेगांत गडप होतो. पण एकदा भिजून फुगली की भेगा बुजतात आणि वरून पडलेलं बहुतेक पाणी वाहून जातं. म्हणून जूनचे ६० मिमी शेतकऱ्याला हसवतात आणि सप्टेंबरचे ६० मिमी ओढ्याला पूर आणतात. हत्ती नक्षत्राच्या पावसात भिंती पडतात असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही. २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष २७-२८ सप्टेंबरला मराठवाड्यावरून गेले, तेही याच सुमारास. जमीन आधीच तुडुंब होती.

"दुष्काळी भागाला एवढ्या मोऱ्या कशाला?"

हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मग इथे पुराची चिंता कसली? पण वर्षाचा एकूण पाऊस आणि अर्ध्या तासाची तीव्रता यांचा फार जवळचा संबंध नाही. मराठवाड्यातल्या पावसाळ्याची सरासरी साधारण ६८० मिमी, मुंबईच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. पण तो पाऊस मोजक्या दिवसांत येतो आणि त्यातला बराचसा ढगांच्या गडगडाटासह, थोडक्या वेळात. कमी पावसाच्या प्रदेशात पाऊस कमी वेळा येतो, हळू येतोच असं नाही. उलट वर्षभर कोरडा दिसणारा ओढा लोक नांगरून टाकतात, बुजवतात, त्यावर टपरी घालतात. मग तो एका दुपारी आपली जागा परत मागतो.

जाता जाता: प्रत्येक मोठ्या सरीला ढगफुटी म्हणायची आता फॅशन झाली आहे. हवामान विभागाच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे साधारण २०-३० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिमी किंवा जास्त. तासाला ५० मिमीचा पाऊस ढगफुटी नाही. तो मोरीनं झेलायलाच हवा.

"मग सगळीकडे मोठेच पूल बांधा की"

बांधता येतात. पण पैसे तेच असतात, एका जागी गरजेपेक्षा मोठं बांधलं की दुसरीकडे लहान राहतं. शिवाय ओढ्यापेक्षा फार रुंद मोरीत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ बसतो आणि चार-पाच वर्षांत ती आपोआप लहान होते. खालच्या बाजूचाही विचार लागतो: वरची मोरी दुप्पट केली आणि खालच्या गावचा जुना फरशी पूल तसाच ठेवला, तर पूर फक्त दोन किलोमीटर पुढे सरकला.

मला मात्र एका जागी हात सैल सोडायला आवडेल. दोन सूत्रांत दीडपट फरक पडत असेल आणि जवळ स्वयंलेखी नोंद नसेल, तर मोठा आकडा धरावा. दोन पाइप घालतानाच शेजारी तिसरा घालणं स्वस्त पडतं. वाहता रस्ता खोदून तो नंतर घालणं महाग पडतं.

"रस्ता उंच केला म्हणून आमचं शेत बुडालं"

ही तक्रार पुष्कळदा खरी असते. रस्त्याआधी उतारावरचं पाणी पातळ थरानं सगळ्या शेतांवरून सरकत जायचं. दोन-तीन मीटरचा भराव पडला की तो बांधासारखा आडवा उभा राहतो आणि सगळं पाणी मोरी असेल तिथेच एकवटतं. नकाशावर ओढा म्हणून रेघ नसलेल्या लवणात मोरी दिलीच नाही, तर वरच्या शेताचं तळं होतं. जनसुनावणीत किंवा मोजणीच्या वेळी शेतकऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: या मोरीसाठी पाणलोट किती हेक्टर धरलं, पोच-वेळ किती मिनिटं धरली, आणि पाऊस किती वर्षांतून एकदा येणारा धरला? 'शासकीय निकषांप्रमाणे' हे या तिन्हींपैकी कशाचंच उत्तर नाही.

"जुने आकडे आता चालतात का?"

जसेच्या तसे चालत नाहीत. हवेचं तापमान एक अंशानं वाढलं की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. म्हणजे आपल्या चिठ्ठ्यांच्या डब्यात कुणीतरी 'पूर' लिहिलेल्या जास्तीच्या चिठ्ठ्या टाकतं आहे. १९७० पर्यंतच्या नोंदींवरून काढलेला पन्नास वर्षांचा पाऊस आज कदाचित तीस वर्षांचाच असेल. नेमका किती, ते प्रत्येक जागेच्या ताज्या नोंदी जोडूनच कळेल, आणि म्हणूनच महावेधच्या केंद्रांवरची मिनिटांची नोंद जपून ठेवणं हे रस्तेवाल्यांचंही काम आहे.

तोवर एक गोष्ट कुठल्याही संशोधनाची वाट न पाहता करता येते. हे सगळं गणित पाइप रिकामे आहेत असं धरून केलेलं असतं. गेल्या मे महिन्यात मी आमच्या रस्त्यावरच्या एका मोरीत वाकून पाहिलं. तीन पाइप. एकात पिशव्या, तुराट्या आणि गुडघाभर गाळ, दुसऱ्याच्या तोंडाशी कुणीतरी जनावरांसाठी पाणी अडवायला दगड रचलेले. पावसाळ्याच्या तोंडावर तिथून टँकर जाणार होते, दर दोन सेकंदांना एक, आणि वाट उघडी होती एकाच पाइपची.